काळ्या मातीच्या पायाला चुना: हिंगणा तालुक्यातल्या जोडरस्त्याच्या प्रकल्प नोंदी

काम: नागपूरच्या नैर्ऋत्येला हिंगणा तालुक्यातला १.२ किमीचा जोडरस्ता. साखळी (सुरुवातीपासूनचं अंतर, किमी/मीटर) ०/००० ते ०/३०० आणि १/००० ते १/२०० मुरमाड जमीन. मधली ७०० मीटर सलग काळी माती. या नोंदी फक्त त्या ७०० मीटरच्या.

९ जानेवारी

०/३५०, ०/६२० आणि ०/९०० इथे दीड मीटर खोल चाचणी खड्डे घेतले. दोन खड्ड्यांत १.१ ते १.३ मीटरवर पिवळट मुरूम लागला. ०/६२० च्या खड्ड्यात तळापर्यंत काळीच, खालच्या अर्ध्या भागात चुनखडीचे पांढरे खडे. वरची ३०० मिमी मुळं-काडीकचऱ्याची माती सोडून खालून प्रत्येकी ५० किलो नमुना पोत्यात भरला. त्याला प्लॅस्टिकचं अस्तर घातलं, कारण मूळ ओलावाही मोजायचा आहे.

१७ जानेवारी

सर्वांत वाईट नमुना ०/६२० चा, आखणी त्याच्यावरच. लिक्विड लिमिट (माती वाहू लागते तो ओलावा) ६८, प्लॅस्टिक लिमिट (माती वळता वळता तुटू लागते तो ओलावा) २९, म्हणजे दोन्हींतला फरक, प्लॅस्टिसिटी इंडेक्स, ३९. मुक्त फुगवट्यासाठी ४२५ मायक्रॉन चाळणीखालची, ओव्हनमध्ये सुकवलेली १० ग्रॅम माती दोन नळ्यांत, एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तुलना त्याच्याशी. २४ तासांनी पाण्यात १८.५ मिली, रॉकेलमध्ये १० मिली. फुगवटा ८५ टक्के. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकात ५० टक्क्यांच्या वरची माती भरावालाही चालत नाही. जड कुटाईच्या चाचणीत कमाल कोरडी घनता १.६२ ग्रॅम/घसेंमी, योग्य ओलावा २० टक्के. चार दिवस पाण्यात ठेवून सीबीआर (भार पेलण्याची ताकद, प्रमाण खडीच्या टक्क्यांत) १.८.

पर्याय पहिला: माती उपसून ६०० मिमी न फुगणारा मुरूम. ७०० मी × ७.५ मी × ०.६ मी म्हणजे ३,१५० घनमीटर, दाबलेल्या मापाने ११०० ब्रासहून जास्त. शिवाय तेवढीच काळी माती उचलून टाकायला जागा हवी. परवानगीची जवळची खाण २० किमीवर. दुसरा पर्याय चुना. सिमेंटचा विचार इथेच सोडला. सिमेंट मिसळल्यावर दोन तासांत दाबून मोकळं व्हावं लागतं आणि तेवढ्या वेळात ही माती बारीक होत नाही. ढेकळाच्या आत सिमेंट शिरत नाही, ते बाहेरून कवच धरतं.

सल्फेट ०.०६ टक्के, सेंद्रिय द्रव्य ०.८ टक्के. हे दोन आकडे पाहिल्याशिवाय चुन्याचं नाव काढू नये. सल्फेट ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर चुन्यातलं कॅल्शियम, मातीतलं अ‍ॅल्युमिना आणि पाणी यांच्याशी मिळून त्याचे फुगणारे स्फटिक बनतात. मग चुन्यानेच रस्ता वर उचलला जातो. सेंद्रिय द्रव्य २ टक्क्यांच्या वर गेलं तर ते चुना खाऊन टाकतं.

२४ जानेवारी

चुन्याचं किमान प्रमाण सामूवरून (पीएच). ४२५ मायक्रॉनखालची २५ ग्रॅम माती, त्यात २, ३, ४, ५, ६ टक्के विझवलेला चुना, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, झाकणाची बाटली. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवायचं, तासाभराने पीएच मीटर. खोलीचं तापमान २९ अंश. वाचनं अनुक्रमे ११.८०, १२.१५, १२.३०, १२.३२, १२.३३.

नुसतं वाचन पाहिलं तर १२.४० कुठेच गाठलेलं नाही आणि चुना वाढवत जावं असं वाटेल. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा सामू २५ अंशाला १२.४५ असतो आणि दर अंशामागे साधारण ०.०३ ने उतरतो. चार अंशांचे ०.१२ मिळवले की ३ टक्क्यांना १२.२७, ४ टक्क्यांना १२.४२. म्हणजे ४ टक्के. नागपुरात ही चाचणी एप्रिल-मे मध्ये, विनावातानुकूलित खोलीत करणाऱ्याने तापमान लिहिलंच पाहिजे. नाहीतर एक-दीड टक्का चुना फुकट जातो.

सामूची चाचणी फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगते. ताकद मिळेल की नाही, ते सीबीआरच सांगणार.

१२ फेब्रुवारी

सात दिवस ओलसर ठेवून, चार दिवस पाण्यात बुडवून सीबीआर: २ टक्के चुन्याला ७, ४ टक्क्यांना १९, ६ टक्क्यांना २२. प्लॅस्टिसिटी इंडेक्स अनुक्रमे २४, १३, ११. फुगवटा ४५, २०, १२ टक्के. शेवटच्या दोन टक्क्यांनी सीबीआर फक्त तीनने वाढतो, तेव्हा ४ वर थांबलो. ४ टक्क्यांच्या मिश्रणाची कमाल घनता १.६२ वरून १.५३ वर उतरली, योग्य ओलावा २० वरून २४ वर गेला. घनता कमी झाली म्हणून घाबरायचं नाही. चिकणमातीचे पत्रे चुन्याने गुच्छ धरतात, त्या गुच्छांमध्ये पोकळी राहते आणि पाणीही जास्त लागतं. हातात घेतलं तर कळतं: सकाळी खुरप्याला लोण्यासारखी चिकटणारी माती चुना घातल्यावर तासाभरात रवाळ होते.

राखेची चाचणीही घेतली. कोराडी आणि खापरखेडा औष्णिक केंद्रं याच जिल्ह्यात, राख हाताशी. ३ टक्के चुना आणि १२ टक्के राख यांना सीबीआर १७. म्हणजे एक टक्का, १५० मिमीच्या थरात दर चौरस मीटरला सव्वादोन किलो चुना वाचतो आणि त्याच्या बदल्यात २५ किलोच्या आसपास राख वाहायची, पसरायची, मिसळायची. इथली राख कमी कॅल्शियमची, ती स्वतःहून धरत नाही. तिला चुना लागतोच. चुन्याशी बोलायला सिलिका हवी, ती काळ्या मातीत मुळातच भरपूर आहे. मुरमाड किंवा गाळवट मातीत राखेचा खरा उपयोग. इथे नको.

माती घट्ट करणारं बाटलीतलं द्रावण विकणारेही येऊन गेले. त्यांना एकच उत्तर: याच मातीचा, चार दिवस पाण्यात ठेवलेला सीबीआर दाखवा. कोरड्या ढेकळाची ताकद काळ्या मातीला जन्मजात असते.

२० फेब्रुवारी

हिशेब. जाडी ३०० मिमी, पण ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर एका वेळी दाबलेल्या १५० मिमीपेक्षा जास्त नीट मिसळत नाही. म्हणून दोन थर. रुंदी ६ मीटर: डांबरी पट्टा ३.७५, दोन्हीकडे १.१२५ मीटर बाहेर.

०.१५ मी × १,५३० किलो/घमी = २२९.५ किलो कोरडं मिश्रण दर चौरस मीटरला. त्यात माती २२०.७, चुना ८.८३ किलो. २५ किलोचं पोतं २.८३ चौरस मीटरला पुरतं. सहा मीटर रुंदीत दोन-दोन मीटरच्या तीन ओळी आखल्या तर पोत्यांचं अंतर १.४२ मीटर. १०० मीटरच्या एका थराला २१२ पोती.

पाणी: जमिनीत १४ टक्के, मिश्रण २६ वर न्यायचं (योग्य ओलावा २४, वर २ उडून जाण्यासाठी). दर चौरस मीटरला सुमारे २९ लिटर. १०० मीटरला १७,३०० लिटर, म्हणजे ५,००० च्या टँकरचे साडेतीन.

न विझवलेला चुना (कळी) वजनाने कमी लागतो, ५६ ला ७४ अशा प्रमाणात. तरी तो घेतला नाही. पसरताना मजुराच्या घामावर पडला तरी भाजतो. विझवलेल्यालाही गमबूट, हातमोजे, बंद चष्मा हवाच. डोळ्यात गेला तर निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, मग दवाखाना. त्यासाठी २०० लिटरचं पिंप साइटवर वेगळं ठेवलं, त्यात हात-पाय धुवायचे नाहीत.

४ मार्च

०/३०० ते ०/३५० चाचणी पट्टा. वरची १५० मिमी माती ग्रेडरने बाजूला ओढली, खालची कल्टिव्हेटरने उकरली, १०६ पोती मांडून फोडली, फावड्याने आणि दातेरी फळीने पसरली, रोटाव्हेटरचे चार फेरे. वरून पट्टा सुंदर राखाडी दिसला.

एक किलो मिश्रण चाळलं. २६.५ मिमीवर काही ढेकळं अडकली, एकही अडकायला नको. ५.६ मिमीखाली फक्त ३८ टक्के, हवे निदान ६०. मुठीएवढं ढेकूळ चाकूने कापून त्यावर फिनॉलफ्थॅलिन (चुना पोचलेल्या जागी गुलाबी होणारं द्रावण) मारलं. कडेला तीन-चार मिलिमीटर गुलाबी रिंग, आत काळं ते काळंच. रोलरखाली हे ढेकूळ चपटं होतं, घनता येते, चाचणी पास होते आणि जुलैत पाणी लागलं की आतला काळा गोळा फुगतो. काम थांबवलं.

६ मार्च

०/३१५ आणि ०/३४० ला मिसळीतून उभा छेद घेऊन फिनॉलफ्थॅलिन मारलं. मध्यावर गुलाबी १९० मिमीपर्यंत (सैल माप), पण कडांना ११० वरच संपतं. रोटाव्हेटर कडेच्या सुक्या ढेकळांवर चढतो आणि उचलला जातो. गुलाबी रंग फक्त चुना पोचल्याचं सांगतो, किती पोचला ते नाही. पांढऱ्या रेघा दिसल्या तर मिसळ अपुरी.

मूळ चूक मिसळण्याआधीची. माती १४ टक्क्यांवर उकरली, तेव्हा ती विटेसारखी होती. शेतकरी काळी जमीन वाफसा आल्याशिवाय वखरत नाही. आपणही त्याआधी हात लावायला नको होता.

११ मार्च

दुसरा पट्टा, ०/३५० ते ०/४००. नवा क्रम:

पहिल्या दिवशी दुपारनंतर उकरून पाणी, रात्रभर मुरू दिलं. सकाळी ओलावा १९-२०, ढेकूळ बोटांनी फुटतं. निम्मा चुना (२ टक्के, पोत्यांचं अंतर २.८३ मीटर), रोटाव्हेटरचे तीन फेरे, पुन्हा पाणी, दोन फेरे. मग गुळगुळीत रोलरचा फक्त एक हलका फेरा, वरचं तोंड बंद होण्यापुरता. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जाऊन चुन्याची चुनखडी करत नाही आणि अवचित सर आली तरी वरून वाहून जाते. २४ तास तसंच. दुसऱ्या दिवशी उकरलं, उरलेला निम्मा चुना, चार फेरे.

५.६ मिमीखाली ६४ टक्के, २६.५ वर शून्य. कापलेली ढेकळं आरपार गुलाबी. आधीचा ५० मीटरचा पट्टाही भिजवून, एक टक्का चुना वाढवून याच पद्धतीने पुन्हा केला. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. दुसरी वाट नाही. पहिल्या दिवसाचा निम्मा चुना ताकदीसाठी नसतोच, माती फुटावी म्हणून असतो.

१९ मार्च

घनता नापास. ०/४०० ते ०/५००, खालचा थर, शीपफूटचे (खुरांसारखे दाते असलेल्या रोलरचे) सहा आणि १० टनी कॉम्पॅक्टरचे सहा फेरे. वाळू-बदल पद्धतीने (खड्ड्यातून काढलेल्या मातीचं वजन, खड्ड्याचं माप वाळू भरून) १.४८, १.४८, १.४९. १.५३ च्या मानाने ९६.७ ते ९७.४ टक्के, हवी ९८. आणखी चार फेरे दिले, काही बदल नाही. वरचं तोंड मात्र पत्र्यासारखं सुटू लागलं.

दोष रोलरचा नव्हता, तुलनेच्या आकड्याचा होता. १.५३ हा आकडा प्रयोगशाळेत चुना मिसळून लगेच कुटलेल्या मिश्रणाचा. साइटवर मिश्रण एक रात्र मुरतं, तेवढ्यात गुच्छ घट्ट होतात आणि तेवढ्याच कुटाईत घनता कमी येते. साइटवरचंच मुरलेलं, दुसरा चुना घातलेलं मिश्रण प्रयोगशाळेत नेऊन कुटलं: कमाल १.४९, योग्य ओलावा २६. त्या मानाने पट्टा ९९ टक्के.

ही पळवाट होऊ नये म्हणून नियम ठरवला: दर २०० मीटरला साइटच्या मिश्रणावर नवी कुटाई, आणि त्याच मिश्रणाचे सीबीआर साचे. घनतेचा आकडा खाली आला आणि सीबीआरही पडला, तर चूक खरीच आहे. या खेपेला साच्यांचा सीबीआर १८ आला, म्हणून पट्टा मान्य. पुढच्या थरांसाठी ओलावा २८ वर.

कोअर कटर (नमुना काढायला ठोकायची पोलादी नळी) इथे वापरू नये. मुरलेल्या थरात तो ठोकताना कड तडकते आणि घनता खोटी येते.

२६ मार्च

दुसरा ट्रक. पोती तीच, रंगही तोच. पण फोडल्यावर चुन्यात बारीक खडे, आणि चिमूटभर चुन्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर फसफस. विझवलेला चांगला चुना जवळजवळ फसफसत नाही. जो फसफसतो तो हवेत राहून चुनखडी झालेला. तपासणीत कामाचा चुना ६९ टक्के, पहिल्या नमुन्यात ८४ होता.

परत पाठवला असता तर आठवडा जाणार होता, म्हणून मात्रा वाढवून वापरला: ८.८३ × ८४ ÷ ६९ = १०.७५ किलो. निम्म्या-निम्म्या मात्रेला पोत्यांचं अंतर २.८३ ऐवजी २.३३ मीटर. १०० मीटरला २१२ ऐवजी २५८ पोती. बिलात फरक पुरवठादाराच्या नावावर. यापुढे प्रत्येक ट्रकमधून दहा पोत्यांचा मिश्र नमुना, निकाल येईपर्यंत पोती फळ्यांवर, ताडपत्रीखाली. फोडलेलं पोतं रात्री उघडं राहिलं तर ते मोजणीतून वगळायचं.

३ एप्रिल

रात्री अवकाळी पाऊस, पाऊण तास. ०/७०० ते ०/८०० वर पहिला चुना घालून हलका रोलर फिरवलेला होता. सकाळी वर चिखलाचा पातळ थर, खाली २०० मिमीवर ओलावा ३१. शेजारच्या न मिसळलेल्या तुकड्यावर ट्रॅक्टरचं चाक फिरलं की टायरला माती गुंडाळते. मिसळलेल्यावर मात्र ट्रॅक्टर चालतो. दोन दिवस उकरून वाळवलं, दुसऱ्या मात्रेत अर्धा टक्का चुना जास्त घातला, कारण भिजण्या-वाळण्यात थोडा वाया गेला असणार. ७२ तासांहून जास्त उघडं राहिलं असतं तर पूर्ण मात्रा नव्याने दिली असती.

१५ एप्रिल

पारा चढला. सकाळी ११ नंतर पसरलेलं पाणी मिसळेपर्यंत दोन टक्क्यांनी उतरतं. वेळा बदलल्या: दुसरा चुना पहाटे पाचला, शेवटचा फेरा सातपर्यंत, दाबणं नऊच्या आत. शेवटची मिसळ झाल्यापासून तीन तासांत दाबून संपवायचं हा नियम, उन्हाळ्यात दोन तासांतच. वारा सुटला की चुना पसरायचा नाही. तो शेजारच्या संत्र्याच्या पानांवर जाऊन बसतो, आणि तक्रार रास्त असते.

समतलता: थर १५-२० मिमी जास्त ठेवून ग्रेडरने कापायचा. खोलगट जागा वरून पातळ मिश्रणाने भरायची नाही, ती पापुद्र्यासारखी सुटते. कापलेलं कडेला टाकायचं.

खालच्या थरावर दुसऱ्या दिवशीच वरचा थर चढवतो, तीच त्याची ओल. वरच्या थराला सात दिवस गोणपाट, दिवसातून चार वेळा झारीच्या नळीने फवारा. टँकरच्या मोकळ्या धारेने चुना धुऊन जातो. ०/५५० ला तसं झालंच: वरचे १० मिमी पावडर. घासून काढलं.

२८ एप्रिल

डायनॅमिक कोन पेनेट्रोमीटर, म्हणजे हातोड्याच्या फटक्याने थरात घुसणारा टोकदार दांडा: ८ किलोचा हातोडा, ५७५ मिमी पडाव. मिसळलेल्या थरावर फटक्याला ११ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूत्राने सीबीआर सुमारे २०. ०/६५० च्या कडेला, मुद्दाम न मिसळता सोडलेल्या तुलनेच्या तुकड्यावर फटक्याला ९ मिमी, सीबीआर २५!

म्हणजे एप्रिलमध्ये नुसती काळी माती चुन्याच्या थरापेक्षा सरस. हे वाचन कुणाच्या हाती एकटं लागू नये म्हणून त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: तुकड्याचा ओलावा ९ टक्के. पुढचं वाचन जुलैत, त्याच दोन जागी.

९ मे

१५० मिमी दाणेदार उपथर टाकला, पूर्ण रुंदीत, थेट गटाराच्या उतारापर्यंत. तो साइडपट्टीच्या मातीत कोंडला तर पाणी चुन्याच्या थरावर साचून राहतं. गटाराचा तळ मिसळलेल्या थराच्या तळाखाली ठेवला. ०/८२० ते ०/८६० मध्ये शेताच्या वाटेसाठी गटार बुजवलं होतं, तिथे पाइप टाकून मोकळं केलं. रस्त्यालगत तीन बाभळी. उन्हाळ्यात मुळं खालची ओल ओढतात आणि त्या बाजूला माती आकसते. झाडं तोडायची नाहीत, म्हणून तेवढ्या ३० मीटरमध्ये चुन्याची रुंदी त्या बाजूला अर्धा मीटर वाढवली.

१८ जून

मृगाचा पहिला मोठा पाऊस. गटारं वाहती. ०/४८० ला साइडपट्टीत बैलगाडीची चाकोरी, २०० मिमी खोल, चुन्याच्या कडेपासून ३० सेंमी बाहेर. आत काही नाही.

२२ जुलै

दोन्ही जागी पुन्हा पेनेट्रोमीटर, दाणेदार थर चौकोनी उकरून. मिसळलेल्या थरावर फटक्याला १२ मिमी, सीबीआर १८, ओलावा २९. तुलनेच्या तुकड्यावर ७० मिमी, सीबीआर २.५, ओलावा ३८.

०/८४० ला डाव्या कडेला ४ मीटर लांब केसासारखी भेग, दाणेदार थराच्या वर उमटलेली. तिच्या खाली उकरलं: चुन्याचा थर अखंड, भेग त्याच्या कडेबाहेर, नेमकी जिथे पाइपाच्या वरचा भराव नीट दाबलेला नाही तिथे. भराव काढून मिसळलेल्या मातीने १०० मिमीच्या थरांत भरायचा, हाताच्या प्लेट कॉम्पॅक्टरने. १८ पोती शिल्लक आहेत, तपासणीत कामाचा चुना ७२ टक्के, चालतील. खोदलेले दोन्ही चौकोन आजच भरून बंद केले.